आमच्या घरची मूक प्रार्थना

कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतील समस्त नागरिकांस, तसेच रसायनी परिसरातील सर्व पाळ्यांच्या कामगार बंधू-भगिनींस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी संध्याकाळी, मोहोपाड्याच्या पुढच्या एका दोन खोल्यांच्या घरात, मी गप्प बसले. शुद्धीवर असताना. तब्येत ठणठणीत असताना. समोर ऐकायला घरभर माणसं असताना. या घटनेला साक्षीदार आहेत. त्यांतले काही अजून सावरलेले नाहीत.

मला न ओळखणाऱ्यांना यात बातमी काय ते कळणार नाही, म्हणून आधी माझी ओळख. आम्ही ख्रिस्ती. कर्जतपासून खोपोलीपर्यंत विखुरलेली थोडी घरं मिळून आमची मंडळी होते, आणि त्या मंडळीची तोंडाची बाजू मी सांभाळते. नाताळची नाटिका मी बसवते. एका वर्षी दुष्ट राजा होणारा भाऊ ऐन वेळी तापाने पडला, तर मीच मिशी चिकटवून सिंहासनावर बसले. त्यानंतर बरेच दिवस लहान पोरं मला बघितलं की आईच्या पदराआड जायची. देवाने आपल्यासाठी काय केलं हे चारचौघांत उभं राहून सांगणं, त्याला आम्ही साक्ष देणं म्हणतो. माझी साक्ष सुरू झाली की पाळकसाहेब मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवतात. मी ते उचलून पालथं ठेवते आणि पुढे सांगते.

अशा बाईला देवाने नवरा दिला तो पंप दुरुस्त करणारा. हे कारखान्यात फिटर होते. चालू पंपावर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते ऐकायचं, हे त्यांचं काम. घरी आल्यावर फ्रिजला तेच, पंख्याला तेच, शेजाऱ्यांच्या मिक्सरला तेच. लग्न नवं होतं तेव्हा मी लाडात येऊन म्हटलं, “अहो, मलाही लावून बघा की एकदा.”

यांनी खरोखर स्क्रू ड्रायव्हर आणला, मूठ कानाला लावली, टोक माझ्या खांद्यावर टेकवलं, डोळे मिटून ऐकलं आणि निदान सांगितलं, “बेअरिंग उत्तम आहे. आवाज तोंडातून येतोय.”

आता आमच्या शुक्रवारच्या सभेबद्दल. दर शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी पाळीने प्रार्थना असते. गीतं होतात, शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन होतं, साक्षी होतात, आणि चहा यायच्या आधी, अगदी शेवटी, मूक प्रार्थना. तिचा आमच्यात एक नियम आहे, तो कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नाही: ज्याचं घर, त्याचं आमेन. घरधनी ‘आमेन’ म्हणेपर्यंत कोणी मान वर करायची नाही, डोळा उघडायचा नाही, खोकला आला तरी गिळायचा. बाकीच्या घरांत ही मूक प्रार्थना साधारण शिंक आवरण्याइतकी चालते. आमच्याकडे तसं नव्हतं. यांना चारचौघांत बोलून प्रार्थना करता येत नसे, त्यामुळे त्यांची सगळी प्रार्थना त्या गप्प बसण्यातच मावलेली असायची. बसले की बसले. मंडळीत म्हण पडली होती, “आज फिटरदादांकडे आहे ना? मग खाऊनच निघू.” एकदा तर त्या शांततेत एक सज्जन चक्क घोरायला लागले. मी यांना कोपराने ढोसलं. यांनी जराही हालचाल केली नाही. घोरणं आपोआप थांबलं, मग आणखी थोडा वेळ गेला, आणि मग अगदी हळू आवाजात, जणू आतल्या खोलीत कोणी झोपलंय अशा बेताने, म्हणाले, “आमेन.”

ते कोपर लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

सभेला शेजारची काकीही यायची. काकी आमच्यातली नव्हे, तिच्या घरी गणपती, गौरी, सगळं. माहेर पोशीरचं. शेत होतं ते प्लॉटवाल्यांकडे गेलं, मुलगे कंपनीत लागले, आणि ती दिवसभर ओट्यावर बसून गल्ली सांभाळते. नवरा तरुणपणीच गेला, माझ्या लग्नाच्याही आधी. आमच्या अगदी पहिल्या सभेला ती दाराशी डोकावली, तेव्हा हे म्हणाले, “काकी, आत या ना.” काकी म्हणाली, “नाय रं बाबा, मी आपली हितंच बरी,” आणि उंबऱ्यावर चौकटीला पाठ टेकून बसली. ती जागा तिची झाली ती आजतागायत. मी एकदा विचारलं, काकी, तुम्हाला यातलं काय आवडतं? म्हणाली, “तुमची गाणी. आन चाय. आन तुजा नवरा गप बसतो ते.”

ह्यांचं देवाशी जे काही बोलणं व्हायचं, ते मात्र सभेत होत नसे. ते व्हायचं मागच्या दारी, निळ्या ड्रमापाशी. आमच्या भागात घरटी एक निळा ड्रम असतोच. कारखान्यात त्याच्या नशिबी जे रसायन वाहून आणणं असेल ते आणून झालं की तो आम्हा बायकांकडे पाण्याला येतो. आमच्याकडे पहाटे पाणी येतं. हे नळीचं टोक ड्रमात सोडायचे, पायरीवर बसायचे आणि ड्रम भरेपर्यंत गप्प. हातात शास्त्र नाही, ओठ हलत नाहीत. मी आतून चहा ढवळत हाक मारायची, “काय, आज काय म्हणाला देव?”

“दूध बघ म्हणाला.”

आणि खरोखरच माझं दूध उतू चाललेलं असायचं.

“अहो, मी खरंच विचारतेय.”

“मीपण खरंच सांगतोय. तो फार बोलत नाही. कामाचं तेवढंच बोलतो.”

“आणि ते तुम्हाला ऐकू येतं?”

“एखाद वेळी.” मग उठून नळ बंद करायचे. ड्रम नेमका काठापर्यंत भरलेला. एक थेंब बाहेर नाही. न बघता कसं कळतं, तर म्हणे, पाणी वर येतं तसा आवाज बारीक होत जातो. मला तो आवाज कधी वेगळा वाटला नाही. मला पाणी पडतंय एवढंच ऐकू यायचं, आणि त्यावर मी बोलत असायची.

मग त्या हिवाळ्याच्या आधी, पावसाळा सरताच, हे गेले. छातीत दुखलं, पनवेलला नेलं, आणि परत आणलं. त्याबद्दल मी साक्ष देत नाही. कोणी मागितलेलीही नाही.

माणसं आली, राहिली, डबे आणले, गेली. लेक नाशिकहून आली, राहिली, गेली. आणि मग घरात एक असा आवाज राहिला की काय सांगू. फ्रिज थरथरायचा आणि थांबायचा. थांबला की मी दचकायची. गंमत बघा, जिवंतपणी ज्या माणसाने घरात आवाज केला नाही, तो गेल्यावर घर एवढं शांत कशाने व्हावं? पण झालं. मी त्यावर उपाय सुरू केले. टीव्ही सकाळपासून लावला. स्वयंपाकघरात मोबाइलवर गाणी. कुकरशी बोलायला लागले. ट्यूबलाइटच्या मागे एक पाल होती, तिला मंडळीतल्या सगळ्या भानगडी सांगून झाल्या. पालीने जागा बदलली. संध्याकाळी ताट वाढताना हात दोन ताटं काढायचा. मग एक परत ठेवायचं. ते ठेवताना होणारा भांड्याचा आवाज नको म्हणून मी फडक्यावर ठेवायला शिकले.

लेक रोज फोनवर तेच म्हणायची, “आई, एकटी काय करतेस तिथे? ये ना इकडे. खोली आहे.”

“येईन गं.”

“येईन येईन म्हणतेस नुसती.”

“इथे माझं काम आहे.”

“काय काम आहे?”

ते मलाही ठरवायचं होतं. म्हणून मी देवाला नोटीस दिली. तोंडी दिली, उभ्याने दिली, हातात झारा होता. म्हटलं, हे बघ. या घरात तू त्यांच्याशी बोलत होतास. माझ्याशी कधी बोलला नाहीस, आणि माझी तक्रार नव्हती, कारण तू काय म्हणालास ते मला त्यांना विचारता यायचं. आता कोणाला विचारू? तर आता माझ्याशी बोल. शुक्रवारची पाळी माझ्या घरी येईल, तोपर्यंत तुला मुदत. एक शब्द ऐकू आला तर मी राहीन. नाही आला तर सभा उरकून, कप धुऊन, दाराला कुलूप लावीन, किल्ली काकीकडे देईन आणि नाशिकला जाईन. घर काय, चार भिंती आणि एक ड्रम.

एवढं भाषण दिलं आणि ऐकायला बसले. हीच माझी मोठी अडचण झाली. मला बसता येतं, ऐकता येत नाही. पहाटे मागच्या पायरीवर बसायचे, ह्यांच्यासारखी नळी सोडायचे आणि डोळे मिटायचे. मिटले की मनातल्या मनात सुरू: देवा, बसले हं. देवा, थंडी आहे. देवा, तो वालाच्या शेंगांचा टोपला काल उघडाच राहिला. देवा, तू बोल ना, मी थांबलेय. देवा, मी थांबलेय असं मघाशी म्हणाले ते खरंच हं. तोवर ड्रम भरून पाणी अंगणातून गल्लीत, आणि भिंतीपलीकडून काकी, “अगं ए! माजी चप्पल चालली गं पोहत!”

बरेच दिवस असेच गेले. देव बोलला नाही. मी कारखान्याचा भोंगा ऐकला, रसायनीच्या बाजूची मालगाडी ऐकली, काकीचा खोकला ऐकला. काकी उठल्यावर आधी दोनदा खोकते, मग जरा थांबते, मग नवऱ्याच्या नावाने काहीतरी पुटपुटते आणि चूल नसली तरी गॅसपाशी जाऊन फुंकर मारल्यासारखं करते, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. भिंत काय ती एका विटेची. इतकी वर्षं ती तिकडे एकटी उठत होती आणि मी इकडे दूध उतू घालवत होते.

एका पहाटे मी पायरीवरून उठले, नळ बंद केला आणि परत येऊन बसले. बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. वाकून पाहिलं. पाणी काठापर्यंत. एक थेंब बाहेर नाही. आवाज बारीक झाला होता आणि तो मला ऐकू आला होता, मला न विचारता. मी ताडकन मागे वळले आणि म्हटलं, “अहो, बघा!”

मागे दार होतं. त्यावर माझा गाऊन वाळत होता.

त्या दिवशी टीव्ही लावला नाही. लावावासा वाटला, पण लावला नाही. मात्र देवाची मुदत मी वाढवली नाही. ड्रमाचा आवाज हा ड्रमाचा आवाज. मला शब्द हवा होता.

पाळीच्या आदल्या आठवड्यात पाळकसाहेब मोटरसायकलवरून आले. भला माणूस. चहा घेतला, बिस्किट बुडवलं, बुडालं, ते चमच्याने काढलं, आणि मग विषय काढला. “बाई, मंडळीत बोलणं झालं. तुमच्यावर भार नको असं सगळ्यांना वाटतं. यंदा तुमची पाळी सोडून देऊ. पुढेही, म्हणजे, तुम्हाला वाटेल तेव्हाच.”

“म्हणजे माझं घर पाळीतून काढताय?”

“काढत नाही हो. भार नको, एवढंच.”

“भार कसला? चहा मी करते, उसळ मी करते, गीतं मी सुरू करते. राहिलं आमेन. ते हे म्हणायचे. आता मी म्हणेन. त्याला काय लायसन लागतं?”

पाळकसाहेब हसले. उंबऱ्यावर काकी होतीच. ती म्हणाली, “म्हणंल ती. तिला काय बोलायचं सांगावं लागतं व्हय?”

मग मी तालीम सुरू केली. नाटिका बसवणारी बाई आहे मी. वाटाणे भिजवताना आमेन म्हणून पाहिलं, मोरीत म्हणून पाहिलं, तिथे घुमतं चांगलं. भरदार म्हटलं, पाळकसाहेबांसारखं ओढून म्हटलं, मग ह्यांच्यासारखं, आतल्या खोलीत कोणी झोपलंय असं. ते काही जमेना. शेवटी ठरवलं, आपलं आपण म्हणायचं, खणखणीत, आणि लगेच. शिंकेइतकीच प्रार्थना. लांबवायचीच नाही. मनात देवाला सांगितलं, मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपते बरं का. पिशवी भरून खाटेखाली ठेवली आहे.

शुक्रवार आला. माणसं आली. सतरंजी कमी पडली तेव्हा काकीने तिच्या घरून चटई आणली. पुढच्या भिंतीला लागून दोन खुर्च्या असतात, डावीकडची ह्यांची, उजवीकडची माझी. आपोआप त्या तशाच मांडल्या होत्या, मीच मांडल्या असणार. डावीकडच्या खुर्चीत कोणी बसलं नाही. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. गीतं झाली, मी सूर जरा वरचाच लावला, तरी सगळे चढले माझ्यामागे. शास्त्र वाचून झालं. साक्षीच्या वेळी पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघून घड्याळ काढलं, तर मी मान हलवली. नको. पाळकसाहेबांनी घड्याळ हातातच धरून ठेवलं, त्यांना ते कुठे ठेवावं कळेना.

मग ते म्हणाले, “आपण मूक प्रार्थनेने समाप्त करू.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली.

शांत झालं. स्वयंपाकघरात उसळीचा कुकर निवत होता, त्याच्या झाकणाची टिकटिक. बाहेर कोणाचं तरी कुत्रं. फ्रिज थरथरला आणि थांबला. पहिल्यांदाच मी दचकले नाही. मागच्या दारी नळ नीट बंद झाला नव्हता, ड्रमात एक थेंब पडला, मग बऱ्याच वेळाने दुसरा. आवाजावरून ड्रम अर्ध्याच्या वर होता. पाळकसाहेबांच्या हातातलं घड्याळही ऐकू येत होतं. मला बरं वाटत होतं, हे कबूल करते. घर भरलेलं होतं आणि शांत होतं, जसं असायचं तसं. मी मान खाली घालून निवांत बसले आणि वाट बघत राहिले. मनात आलं, आज फारच लांबवलंय. माणसांना लांब जायचं असतं, कर्जतची मंडळी शेवटच्या टेंपोने परततात, चहा अजून टाकायचाय. पुरे की आता. आणि मी डावं कोपर हळूच सरकवलं, ढोसायला.

कोपर खुर्चीच्या लोखंडी हाताला लागलं. थंडगार.

तेव्हा मला कळलं मी कोणाच्या आमेनची वाट बघत होते.

तालीम केली होती ना? मोरीत, ओट्याशी, सगळीकडे. तोंड उघडलं. आवाज नाही. मी ते म्हटलं असतं, तर या घरातलं ह्यांचं आमेन कायमचं संपलं असतं. दुसरं कोणी म्हणणं शक्य नव्हतं, नियमच तसा. सगळे माना खाली घालून बसलेले, कोणी हलत नाही, कोणी खोकत नाही. एवढ्या माणसांत मी इतकी एकटी कधी बसले नव्हते, पालीबरोबरसुद्धा नाही. देवाला म्हटलं, आता तरी. एक शब्द. मुदत संपली. आणि मग मनातलं बोलणंही संपलं. खरंच संपलं. आत काही उरलंच नाही, नुसता थेंबाचा आवाज. मी ऐकत राहिले.

किती वेळ गेला ते पाळकसाहेबांना माहीत, घड्याळ त्यांच्याकडे होतं. मला एवढंच माहीत की उंबऱ्यावर चौकट करकरली, कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या, आणि आमचे सगळे नियम, सगळी शिस्त बाजूला सारून काकी मोठ्यांदा बोलून गेली, “अगं बाय, घर आता तुजं हाय, आमेन पण तूच बोल ना!”